एसएनसीयूतल्या सिस्टर्सवरचा ताण: इन्चार्जच्या हातात नेमकं काय असतं?

इन्चार्ज_ताई

नमस्कार मंडळी. मी विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात परिसेविका आहे. सध्या एसएनसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष, माझ्याकडे आहे. प्रश्न लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

युनिट बारा खाटांचं आणि बाळं कायम त्याहून जास्त. आजूबाजूच्या तालुक्यांतून रेफर होऊन येतात, नाही म्हणता येत नाही, मग एका वॉर्मरवर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या खाटेवर, दोन बाळं ठेवावी लागतात. एका सिस्टरमागे तीन-चार बाळं असावीत असं शासनाच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. आमच्याकडे रात्री दोघी असतात, त्यातली एक एनएचएमची, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानातली, कंत्राटी. एखादं बाळ सीपॅपवर, म्हणजे श्वासाला आधार देणाऱ्या यंत्रावर, असलं की एकीचे दोन्ही हात तिथेच, बाकी सगळं युनिट दुसरीवर. दर दोन तासांनी फीड, तापमान, सॅच्युरेशन, ड्रिप आणि प्रत्येकाची नोंद. मॉनिटरचा आवाज घरी झोपेतही येतो असं पोरी सांगतात. मी स्वतः इतकी वर्षं हेच ऐकत झोपले आहे, त्यामुळे मला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मागच्या महिन्यात पहाटे एक बाळ गेलं. नऊशे ग्रॅमचं होतं, दुसरा आठवडा चालू होता, वजन वाढायला नुकतीच सुरुवात झाली होती. डॉक्टरांनी डिक्लेअर केल्यावर ड्युटीवरच्या सिस्टरनेच नळ्या काढल्या. इतक्या लहान बाळाची कातडी कागदासारखी असते, चिकटपट्टीबरोबर निघून येते. तिने ओल्या कापसाने भिजवून भिजवून एकेक पट्टी सोडवली. पुसलं, पांढऱ्या कापडात गुंडाळलं, पायाची पट्टी नावाशी ताडून पाहिली, वडलांची रजिस्टरवर सही घेतली. आई वरच्या मजल्यावर, सिझेरियनचे टाके, तिला अजून कोणी सांगितलेलं नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या बाळाच्या फीडची वेळ झाली आणि लेबर रूममधून नवं बाळ त्याच वॉर्मरवर आलं. सकाळी आठपर्यंत त्या पोरीला बूड टेकायला मिळालं नाही. मला ओव्हर देताना, म्हणजे पाळी सोपवताना, तिने त्या बाळाबद्दल एक ओळ सांगितली आणि पुढच्या खाटेकडे गेली. आवाज अगदी सपाट. पोरगी रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून तिचा डबा तसाच परत जातो. पंपाचं सेटिंग लावलं की परत परत येऊन बघते. ड्युटी संपवून घरी गेल्यावर रात्री फोन करते, "ताई, पाच नंबरच्या बाळाची ड्रिप मी बरोबर लावली होती ना?" बरोबरच लावलेली असते. कामात तिच्याइतकी नेटकी दुसरी कोणी नाही माझ्याकडे.

यात भीतीही आहे. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात एसएनसीयूला आग लागली, दहा बाळं गेली. त्या दिवसापासून आमच्या भागातल्या प्रत्येक युनिटमध्ये रात्रपाळीची सिस्टर एक कान वायरिंगकडे ठेवून काम करते. आणि काही झालंच तर पहिलं नाव आपलं निघणार, हे तिच्या डोक्यात असतं.

वरून ताणमुक्तीची कार्यशाळा झाली. शिकवणाऱ्या बाई मनापासून शिकवत होत्या, श्वासाचे व्यायाम उपयोगाचेही आहेत. पण ती ठेवली नाइट ऑफच्या दिवशी आणि हजेरी सक्तीची. रात्रभर जागून आलेल्या पोरींना समोर बसवून पुरेशी झोप घ्या असं सांगणं मला सहन झालं नाही, आणि मी ते तिथेच बोलले.

पदं भरणं माझ्या हातात नाही. पत्रं देऊन झाली. माझ्या हातात ड्युटी लिस्ट आहे, ओव्हरची वेळ आहे, रजेच्या अर्जावरची शिफारस आहे आणि युनिटमधलं रोजचं वातावरण आहे. एवढ्यात काय करता येईल, ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा. आणि या पोरीशी मी कसं बोलू? तिला गमवायचं नाही मला.

---

मनोविकार_डॉक्टर

ताई, मी मनोविकारतज्ज्ञ आहे, काही काळ जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात होतो. आधी त्या मुलीबद्दल लिहितो, बाकीचं चार दिवस थांबू शकतं.

नाइट संपताना बोलू नका. मॉर्निंग ड्युटीनंतर, युनिटच्या बाहेर, जिथे कोणी आत येणार नाही अशा जागी बसा. तुम्ही इथे जे लिहिलंय तेच तिला सांगा: डबा परत जातो, रात्री फोन येतात, मला तुझी काळजी वाटते. मग गप्प राहा. ती लगेच बोलणार नाही. "आपल्या लाइनमध्ये हे चालायचंच", "घट्ट हो", "आमच्या वेळी तर..." यातलं काही तोंडातून निघू देऊ नका. तुम्ही म्हणणार नाही हे कळतंय, तरी लिहून ठेवतो, कारण चांगली माणसं घाबरली की हेच बोलतात.

आणि सरळ विचारा, जगणं नकोसं वाटतं का, जीव द्यावा असं मनात येतं का. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट अनेकांना कुणीतरी विचारल्याचं हायसं वाटतं. उत्तर हो असेल तर त्या दिवशी तिला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, घरच्या एका माणसाला तिला सांगून बोलवायचं. औषधांच्या कपाटाची चावी काही दिवस दुसरीकडे द्या आणि ही शिक्षा नाही हे तिला नीट समजावा. रात्री-अपरात्री कुणी भेटलं नाही तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पण दवाखान्यात काम करणाऱ्यांनाच तो माहीत नसतो. ड्युटीरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लावा.

दाखवायचं तर शक्यतो तुमच्याच दवाखान्याच्या ओपीडीत नको. केसपेपर काढणारा ओळखीचा, औषध देणारा ओळखीचा, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराची गोपनीयता हा तिचा हक्क आहे. पण कायदा असून ओळखीपाळखीत गोष्टी फुटतातच, म्हणून शेजारच्या जिल्ह्यात किंवा मेडिकल कॉलेजात पाठवा.

तुम्ही वर्णन केलेलं, म्हणजे चूक नसताना परत परत तपासणं, घरून फोन करणं, हे आम्हाला ओळखीचं आहे. अमेरिकेतले डॉ. अल्बर्ट वू यांनी २००० साली लिहिलं होतं की उपचारात काही बिघडलं की पहिला बळी रुग्ण असतो आणि दुसरा, उपचार करणारा माणूस. त्यांचा मुद्दा चुकांबद्दल होता. माझा अनुभव असा की काही चुकलेलं नसतानाही, फक्त आपल्या हातात बाळ गेलं एवढ्याने माणूस तसाच स्वतःच्या मागे लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या केली ती मात्र जरा वेगळी आहे: सततचा थकवा, कामापासून मन तुटणं, आणि आपल्याकडून काही होत नाही ही भावना. संघटनेने त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या जागी न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं आहे. सपाट आवाजावरून निदान करू नका. कधीकधी पुढच्या बाळाला हात लावता यावा म्हणून माणूस तेवढ्यापुरतं मन बाजूला ठेवतो. पण जेवण आणि झोप दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल तर नैराश्य आहे का हे बघायलाच हवं, आणि तुम्ही सांगताय त्यावरून ती वेळ झाली आहे.

एक इशारा. काही आक्रित घडलं की सगळ्यांना एका खोलीत बसवून प्रत्येकाने काय वाटलं ते सांगायचं, अशी एकदाच होणारी सक्तीची बैठक घ्यायची पद्धत होती. तिने पुढचा मानसिक आघात टळतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, काहींना त्रास वाढलेलाही दिसला. बोलायला जागा ठेवा, बोलायलाच लावू नका.

---

ब्रदर_मनपा

इन्चार्ज ताई, मी मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यात ब्रदर आहे, मेडिसिन वॉर्ड आणि आयसीयू दोन्ही केलंय. डॉक्टरसाहेबांचं सगळं पटतं, पण माझ्या मते मन नंतर. आधी लिस्ट.

तुम्ही ड्युटी लिस्ट हातात आहे असं म्हणालात. त्यातच निम्मं आहे. आमच्या वॉर्डातली जुनी लिस्ट अशी असायची की इव्हिनिंग करून रात्री साडेनऊला घर गाठायचं आणि दुसऱ्या दिवशी परत मॉर्निंग. लोकलचा प्रवास धरला तर झोप किती? आमच्या नव्या सिस्टर इन्चार्जनी ठरवलं की इव्हिनिंगनंतर मॉर्निंग लावायचीच नाही. पाळी पुढे सरकत जाणार: मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाइट, मग सुट्टी. शरीराला पुढे सरकणारी पाळी उलट्या पाळीपेक्षा सोसते. नाइट सलग दोन किंवा तीन, आठवडाभर नाही. सुरुवातीला सिनियर मंडळी नाराज झाली, कारण आठवड्याच्या नाइट एकदम उरकून मोठी सुट्टी मिळायची सवय होती. ज्यांचं गाव लांब त्यांना सूट दिली, बाकीचे महिन्याभरात रुळले.

लिस्ट पंधरा दिवस आधी लागली पाहिजे. मुलाची शाळा, सासऱ्यांचं डायलिसिस, सगळं त्यावर ठरतं. प्रत्येकाला महिन्याला दोन तारखा मागायची मुभा द्या, वही ठेवा, ज्याने आधी लिहिलं त्याला आधी. तोंडी ठेवलंत तर जवळच्यांनाच तारखा मिळतात असा संशय येतो, आणि तो संशय कामापेक्षा जास्त थकवतो. कंत्राटी मुलींना त्याच वहीत लिहू द्या. बहुतेक ठिकाणी दिवाळी-दसऱ्याच्या नाइट त्यांच्याच गळ्यात पडतात.

रात्री अर्धा तास पडायला मिळावं. नाइटला वीस-तीस मिनिटांची झोप पहाटेच्या चुका कमी करते, हे लपूनछपून करायची गोष्ट नाही. दोघीच असतील तर अशक्य आहे, मान्य. पीएनसी, म्हणजे बाळंतिणींच्या, वॉर्डातून दोन ते चारमध्ये एक सिस्टर तासभर येऊ शकते का, हे मेट्रन मॅडमशी बोलून बघा. आमच्याकडे असंच शेजारच्या वॉर्डाशी जुळवलं.

आता पदांचं. पत्र देऊन झाली म्हणालात. महिन्यातून एकदा दिलेलं पत्र फाइलला लागतं आणि झोपतं. रोजच्या प्रत्येक पाळीची दोन ओळींची नोंद करा: तारीख, पाळी, बाळं किती, सीपॅपवर किती, सिस्टर किती. तक्रारीची भाषा नको, आकडे फक्त. आठवड्याचं एकत्र करून कार्यालयात द्या आणि आवक क्रमांक घेऊन झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक असं आहे, वर रजेसाठी तीस टक्के राखीव. तुमची बाळं तर अतिदक्षतेची. उद्या चौकशी लागली तर ड्युटीवरच्या पोरीच्या हातात एकच कागद कामाला येतो, त्या रात्री किती बाळं आणि किती हात होते याचा. तुमच्या पोरींच्या मनातली भंडाऱ्याची भीती बोलून थोडी जाईल, या कागदाने जास्त जाईल.

नातेवाईकांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण बाळ गेल्यावर दारावर लाथा बसतात हे आम्हाला माहीत आहे. २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्याने दवाखान्यात मारहाण हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आरजी कर रुग्णालयात डॉक्टर मुलीवर बलात्कार आणि तिचा खून झाल्यानंतर केंद्राने काढलेल्या सूचनेत सरळ म्हटलंय की सहा तासांच्या आत गुन्हा नोंदवून घेण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची. म्हणजे सिस्टरने एकटीने पोलीस स्टेशनच्या बाकावर बसायचं नाही. ही सूचना छापून फाइलला लावा.

---

इन्चार्ज_ताई

ब्रदर, वहीचं उद्याच करते. इव्हिनिंगनंतर मॉर्निंग माझ्या लिस्टमध्ये आत्ताही आहे, दोन ठिकाणी. काढते.

पीएनसीची सिस्टर रात्री एकटीच असते, तिच्याकडे सिझेरियनच्या बाया. तिला आणून इकडे ठेवणं मला बरोबर वाटत नाही. त्याचं दुसरं काहीतरी बघावं लागेल.

डॉक्टरसाहेब, चावीचं तुम्ही लिहिलंत ते वाचून पोटात गोळा आला. पण बरं झालं लिहिलंत.

---

लेस्टरची_सिस्टर

मी मूळ सोलापूरची, नर्सिंग तिथेच केलं, आता इंग्लंडमध्ये लेस्टरला नवजात बाळांच्या युनिटमध्ये आहे. तुमचं चिकटपट्टीचं वाचून थांबले. इथेही आम्ही तसंच करतो, तेवढ्याच हळू.

इकडे सगळं छान आहे असं मी सांगणार नाही. इथल्याही पोरी नोकरी सोडतात, हिवाळ्यात इथेही स्टाफ कमी पडतो. पण दोन गोष्टी तुम्हाला पैशाशिवाय करता येतील.

एक. ज्या सिस्टरच्या हातात बाळ गेलं तिला लगेच पुढचं ॲडमिशन द्यायचं नाही. नळ्या काढायला, अंग पुसायला दुसरी एक जण सोबत असते, दोघी मिळून करतात. मग पंधरा मिनिटं तिची बाकीची बाळं दुसरी बघते. ती बाहेर जाते, पाणी पिते, नवऱ्याला फोन करते, नुसती उभी राहते, तिची मर्जी. रात्री दोघीच असतील तर ड्युटी डॉक्टरने पंधरा मिनिटं मॉनिटरसमोर उभं राहायचं. हे आधीच ठरवून ठेवा, त्या वेळी कुणालाच विनंती करायला सुचत नाही.

आणि नळ्या काढण्याआधी अर्धा-एक मिनिट सगळे थांबतात, डॉक्टर, सिस्टर, जे कोणी तिथे असेल ते. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जोनाथन बार्टल्स नावाच्या नर्सने इमर्जन्सीत हे सुरू केलं, आता बऱ्याच ठिकाणी करतात. प्रार्थना नाही, भाषण नाही. कोणीतरी एवढंच म्हणतं की या बाळासाठी आपण सगळ्यांनी जे होतं ते केलं, क्षणभर थांबूया. मला पहिल्यांदा अवघडल्यासारखं झालं होतं. आता ते झालं नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

दोन. महिन्यातून एकदा तासभर बैठक असते, तिला श्वार्ट्झ राउंड म्हणतात. बोस्टनमधले केनेथ श्वार्ट्झ नावाचे वकील चाळिशीतच फुप्फुसाच्या कॅन्सरने १९९५ मध्ये गेले. शेवटच्या आजारपणात आपल्याला माणसांच्या मायेने तारलं, ती माया देणाऱ्यांना बळ मिळावं म्हणून त्यांनी जाण्याआधी संस्था काढली, त्यातून हे आलं. आधी सगळे एकत्र जेवतात. मग तिघं-चौघं आपापल्या एखाद्या रुग्णाची गोष्ट सांगतात, रोगाबद्दल नाही, आपल्याला काय झालं त्याबद्दल. कन्सल्टंटही बोलतो, साफसफाई करणाराही. सल्ला द्यायचा नाही, चूक काढायची नाही, नोंद ठेवायची नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आमचे सगळ्यात कडक कन्सल्टंट एका जुळ्यांबद्दल बोलले, आणि त्यांनी त्या दोघांची नावं घेतली. दहा-बारा वर्षांपूर्वीची बाळं होती ती.

तुमच्याकडे तेवढं मोठं जमणार नाही. पण मावश्यांना त्यात नक्की घ्या. बाळाचं कापड धुणारी, वॉर्मर पुसणारी तीच असते, तिला कुणी काही विचारत नाही.

---

पेडियाट्रिक_जेआर२

घाईत आहे, नाइट चालू आहे. ताई, सरकारी मेडिकल कॉलेजात पेडियाट्रिक्सचा दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर आहे.

आमच्या तासांबद्दल बोलायचं तर १९९२ च्या निवासी योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिलेले आहेत, राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कार्यदलाने २०२४ मध्ये ७४ पेक्षा जास्त नको म्हटलं, आणि आम्ही कुठे आहोत ते तुम्ही रोज बघताच. त्यामुळे पंधरा मिनिटं डॉक्टरने मॉनिटरसमोर उभं राहायचं हे वाचून आधी वाटलं, अजून एक काम. मग विचार केला की बाळ गेल्यावर मी काय करतो? डिक्लेअर करतो, नोट लिहितो, नातेवाईकांशी बोलतो आणि पुढच्या कॉलला पळतो. कापडात गुंडाळताना मी एकदाही थांबलेलो नाही, आणि आजवर कुणी थांब असं सांगितलेलंही नाही. पंधरा मिनिटं उभं राहणं जमेल. आमच्या युनिटमध्ये मी सुरू करतो, बाकीच्या जेआरना सांगतो.

एकच विनंती, नातेवाईकांना सांगताना सिस्टर सोबत असू द्या. एकट्याने सांगणं फार जड जातं. आणि घरचे जे प्रश्न डॉक्टरला विचारत नाहीत ते सिस्टरला विचारतात.

---

गटप्रवर्तक_यवतमाळ

मी गटप्रवर्तक आहे, माझ्या देखरेखीखाली गावागावांतल्या वीसेक आशा, म्हणजे आरोग्य सेविका, आहेत. तुमच्याकडून सुटी झालेली बाळं आमच्याकडेच येतात ताई. बाळ गेलं तरी त्या घरी आमचीच आशा जाते. त्याच गावात राहते ती, त्याच हातपंपावर पाणी भरते. बाळ गेलेल्या घरासमोरून रोज जावं लागतं तिला. गरोदरपणात तिनेच नोंदणी केलेली, तिनेच गाडी बोलावलेली, मग सासू म्हणते तूच नेलं दवाखान्यात. आमच्या मनाचं काय होतं हे विचारायला आजवर कोणी बैठक घेतली नाही. बैठक होते ती फॉर्म भरले का यासाठी. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला, खूप बरं वाटलं, पण त्यानंतरही मोबदल्यासाठी आझाद मैदानात बसावं लागलं. पैसे वेळेवर न मिळणं हाही मनाचाच त्रास आहे, हे कार्यशाळेत कोणी बोलत नाही. कंत्राटी सिस्टरलाही तेच असणार.

पण मी दुसरं सांगायला आले. तुमच्या सिस्टरला बाळ गेलेलं दिसतं, जगलेलं दिसत नाही. सुटी झाली की बाळ गेलं गावाला, संपलं. आम्हाला ते दिसतं. आमची आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते, वजन करते. एसएनसीयूतून आलेल्या बाळाकडे त्यानंतरही जात राहते. माझ्या एका गावात तुमच्यासारख्याच युनिटमधून आलेली अकराशे ग्रॅमची पोरगी आता अंगणवाडीत खिचडीची ताटली घेऊन पळते.

हे तुमच्या सिस्टरला कोण सांगणार? आम्ही सांगू शकतो. महिन्याला तुमच्या सुटी झालेल्या बाळांची वजनं कळवू. फोटो नको, आईच्या परवानगीशिवाय काही नको, नावही नको. सुटीची तारीख आणि तेव्हाचं वजन लिहिलं की तुम्हाला कोणतं बाळ ते कळेल. वजनाचा तक्ता आम्ही भरतोच, वेगळं काम नाही.

---

इन्चार्ज_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, मध्ये काही दिवस गडबडीचे गेले.

त्या पोरीशी बोलले. मॉर्निंगनंतर, दवाखान्याच्या मागे जुन्या लॉन्ड्रीच्या पायऱ्यांवर. डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे तेवढंच बोलले आणि गप्प बसले. बराच वेळ ती चपलेच्या पट्ट्याशी खेळत होती. मग म्हणाली, "ताई, त्याची आई मला जिन्यात भेटली होती आदल्या दिवशी. विचारत होती घरी कधी न्यायचं. मी म्हटलं आता वजन वाढतंय, लवकरच." एवढंच अडकलं होतं तिच्यात. आपण खोटं बोललो असं तिला वाटत होतं. मी सांगितलं, त्या दिवशी वजन वाढत होतं, तू खरंच सांगितलंस. मग ती रडली. सरळ प्रश्नही विचारला. नाही म्हणाली, आणि मला ते खरं वाटलं, तरी शेजारच्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मी सोबत जाणार आहे, रजा मंजूर करून ठेवली. रजेच्या अर्जावर "वैयक्तिक कारण" एवढंच लिहिलंय.

लिस्ट बदलली. दोघींची तक्रार आली, एकीचं गाव खरंच लांब आहे, तिचं वेगळं ठेवलं. वही दारापाशी टांगली आहे, कंत्राटी पोरींनी पहिल्याच दिवशी तारखा लिहिल्या.

मिनिटभर थांबायचं आमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोलले. ते आधी काही म्हणाले नाहीत. परवा एक बाळ गेलं तेव्हा त्यांनीच हात वर केला आणि सगळे थांबले. मावशी पण होती, तिने डोक्यावर पदर घेतला. नवं ॲडमिशन त्या वेळी दुसरीने घेतलं.

गटप्रवर्तक ताई, तुमचं मी युनिटमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या जिल्ह्यातल्या गटप्रवर्तकांच्या मासिक बैठकीला जाऊन विचारणार आहे. आणि तुमच्या आशांचं जे लिहिलंत, बाळ गेलेल्या घरासमोरून रोज जावं लागतं, त्याचा मी कधी विचारच केला नव्हता. बाळ गेलं की त्या गावच्या आशाला आम्ही निदान फोन करून काय झालं ते नीट सांगू शकतो. आत्ता तिला ते सासूकडून कळतं.

एक अडलंय. ब्रदर, पाळीची नोंद कार्यालयात नेली तर बाबू म्हणतात रोजचं आवकमध्ये घेणार नाही. काय करू?

---

ब्रदर_मनपा

रोज देऊ नका, आठवड्याचा एकच कागद करा, विषय "एसएनसीयू साप्ताहिक रुग्णसंख्या व मनुष्यबळ अहवाल". अहवाल म्हटलं की घ्यावा लागतो. मेट्रन मॅडममार्फत पाठवा, "मार्फत" लिहून त्यांची सही घ्या. तरीही नाही घेतलं तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा.

पीएनसीच्या सिस्टरचं तुम्ही बरोबर बोललात. तिलाही त्याच अहवालात एक रकाना द्या.

---

मनोविकार_डॉक्टर

ताई, डॉक्टरांकडे जाताना तिच्या झोपेची आठवडाभराची नोंद घेऊन जा, किती वाजता पडली, किती वाजता जाग आली, नाइट कोणती होती. पाळीमुळे बिघडलेली झोप आणि नैराश्यातली झोप वेगळी करायला मदत होते. औषध सुरू झालं तर पहिले काही आठवडे तिला नाइट लावू नका. आणि तुम्ही स्वतः कुणाशी बोलता, हे पण एकदा लिहा.

---

इन्चार्ज_ताई

नोंद ठेवायला सांगते. नाइट काढल्या.

माझं म्हणाल तर आमच्या शेजारच्या तालुक्याच्या इन्चार्ज आणि मी एका बॅचच्या. रविवारी तिला फोन करते.